नवरदेवाच्या गादीचा कापूस

"काल काय खाल्लंस?" आत्यांनी विचारलं. सासूबाईंना आम्ही दोघी सुना आत्या म्हणायचो.

केतकी माझ्या मांडीवर उताणी पडून पाय झाडत होती. तिच्या कानाच्या पाळीखालून गळ्यापर्यंत तांबडे फोड उठले होते, एकापाठोपाठ एक, धावदोरा घातल्यासारखे. दंडावर आणखी. पोटावर मात्र एकही नव्हता. पोटावर झबलं होतं. पण या दोन गोष्टींची सांगड घालायचं त्या सकाळी मला सुचलं नाही.

"मुगाचं वरण आणि भात," मी म्हणाले.

"आणि?"

"आणि काही नाही, आत्या."

"मसुरीची आमटी." हे माझ्या थोरल्या जाऊबाई, प्रमिलाताई, बोलल्या. त्या ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहून भाकरी थापत होत्या आणि थापणं न थांबवता बोलल्या. "दुपारी सगळ्यांची पानं झाल्यावर. उभ्या उभ्या, वाटीत घेऊन. मी बघितलं."

"दोनच घास होते."

"दोन घासांनी काय होतं ते लेकराच्या मानेवर दिसतंय की," आत्या म्हणाल्या. "आईच्या तोंडातून जातं ते लेकराच्या कातडीतून निघतं. कॉलेजात हे शिकवत नसतील. तिथं सगळं किड्यामुंग्यांचं."

मी प्राणिशास्त्राची पदवीधर होते. लग्न ठरताना हीच पदवी आत्यांनी सगळ्या आळीत कौतुकानं सांगितली होती.

कराडला माहेरी बाळंतपण उरकून मी बार्शीला आले, तेव्हा केतकीची कातडी नुसत्या लोण्यासारखी होती. आल्यावर आठवड्याच्या आत हे सुरू झालं. आमच्या घरी खाली दुकान आणि गोदाम, वर राहायचं. दुकान बिछायतीचं. लग्नकार्याला लागणाऱ्या गाद्या, लोड, तक्के, सतरंज्या, सगळं भाड्यानं जायचं. सासरे गेल्यापासून गल्ल्यावर आत्या बसत. थोरले भाऊजी आणि माझा नवरा उमाकांत टेम्पो घेऊन गावोगाव हिंडत. वैशाखात तर दोघं फक्त जेवायला घरी येत. गाद्या बाहेर जात आणि परत येत. येताना त्यांच्या शिवणीत अक्षता अडकलेल्या असत, कडेला हळदीचे हात, कुठं तेलाचा डाग. प्रमिलाताई खोळी उतरवून धुवायच्या, की लगेच त्याच गाद्या पुढच्या गावाला.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गुलाबी औषध लावायला दिलं आणि उन्हाळ्याची उष्णता आहे म्हणाले. घरी आल्यावर आत्या म्हणाल्या, "उष्णता म्हणजे कुणाची? लेकराला कुठली आलीय उष्णता? अजून मेलीनं दुधाशिवाय काही चाखलं नाही."

मग माझ्या ताटातलं एकेक कमी होत गेलं. मसूर गेली. वांगं गेलं. शेंगदाण्याचं कूट, लोणचं, मग चहासुद्धा. प्रमिलाताई माझं पान वाढत आणि मी उठेपर्यंत समोरून हलत नसत. शेवटी मऊ भात, तूप आणि मीठ एवढंच उरलं. आणि सकाळी केतकीच्या गालावर पुन्हा फोड, डोळ्याच्या खाली एक इतका मोठा, की डोळा निम्मा झाकला.

खाणं संपल्यावर बोट ठेवायला दूधच उरलं.

"अंगावरचंच बाधतंय हिला," आत्या म्हणाल्या. त्या माझ्याशी नाही, प्रमिलाताईंशी बोलत होत्या. "तोडायला पाहिजे. नंदूच्या वेळी आपण उशीर केला."

नंदू हा प्रमिलाताईंचा मुलगा. मी या घरात येण्याच्या कितीतरी आधी, पाळण्यात असतानाच गेलेला. त्यानंतर त्यांना मूल झालं नाही. त्याच्याबद्दल उमाकांतला एकदा विचारलं होतं, तर तो म्हणाला, "त्याला आईचं दूध बाधलं," आणि विषय संपवला.

"आत्या, तीन महिन्यांची आहे ती," मी म्हणाले. "दूध नाही तोडायचं मी."

"तुला कुणी विचारलं?" त्यांनी पिशवीतून पावडरचा डबा काढून फळीवर ठेवला. शेजारी काचेची बाटली. "पोर आमच्या घरची आहे. बाधिक दूध पाजून मारू द्यायची नाही मी."

त्याच दिवशी संध्याकाळी प्रमिलाताई माझ्या खोलीत आल्या. हातात पानाच्या पुड्यात मोगऱ्याच्या कळ्या. लग्न झाल्यापासून या बाईनं मला कधी टाचणीसुद्धा दिली नव्हती. मी वेडी, मान पुढे केली.

"केसात नाही," त्या म्हणाल्या. "आत. चोळीच्या आत, दोन्हीकडं, घट्ट बांधायच्या. रोज ताज्या आणीन. दूध आटतं."

"मी नाही बांधणार."

"मग मी बांधते. हात वर कर."

"ताई, तुम्ही स्वतः..."

"मी स्वतः काय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे ठक्क. "बोल की. मी स्वतः आई होते, असंच ना? म्हणून तर सांगतेय. हात वर कर."

खाली आत्या जिन्याशी उभ्या होत्या. "बांधलं का गं?" त्यांनी हाक देऊन विचारलं. मी हात वर केले.

त्या गेल्यावर मी कळ्या सोडल्या, गाठोडं करून ट्रंकेमागं टाकल्या आणि केतकीला पाजलं. सकाळी प्रमिलाताई पुन्हा आल्या, जुन्या कळ्या मागितल्या आणि नव्या बांधल्या. त्या मोजून बघत असाव्यात. दिवसभर तो वास माझ्या अंगाला चिकटलेला असायचा. केतकी तोंड लावायची, ओढायची, सोडायची आणि रडायची. खरंच आटत होतं की माझ्या भीतीनं उतरत नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. पण घरात बाटली उकळायला ठेवलेली मी बघितली होती, आणि माझ्याजवळ जास्त वेळ नव्हता.

म्हणून मी नुसती बघत राहिले. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

दिवसा केतकी स्वयंपाकघरात, साडीच्या झोळीत झोपायची. झोळीतून उठली की अंग स्वच्छ. रात्री माझ्या खोलीत, पलंगावर, तिच्या छोट्या गादीवर. सकाळी फोड. झबल्याखाली कधीच नाही. जिथं कातडी उघडी तिथंच. आणि माझ्या मनगटावरही तशीच एक ओळ उठली होती. ती प्रमिलाताईंना दाखवली, तर म्हणाल्या, "मसूर कुणी खाल्ली? तूच ना? मग तुला नाही उठणार तर कुणाला?"

माझ्या पुस्तकात एक चित्र होतं. गोलसर, चपटं, सहा पायांचं. मी ते परीक्षेला काढलं होतं, नावं दिली होती आणि गुण मिळवले होते. खरा प्राणी मात्र जन्मात पाहिला नव्हता. आमचं कराडचं घर नवं, लोखंडी कॉट, फरशी.

उमाकांत दुपारी जेवायला आला तेव्हा मी त्याला खोलीत गाठलं. "मला वाटतं, आपल्या पलंगात ढेकूण आहेत."

त्यानं आधी दार लावलं. मग खिडकी.

"हा शब्द पुन्हा काढायचा नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "हसण्यावारीसुद्धा नाही. खाली गोदामात गडीसुद्धा काढत नाहीत. 'तांबडं' म्हणतात, तेही गरज पडली तर. बाबा होते तेव्हा वैरागच्या एका लग्नात कुणीतरी जेवताना बोललं. नुसतं बोललं. त्या वर्षी निम्म्या गाद्या गोदामाबाहेर निघाल्या नाहीत."

"मी गिऱ्हाइकाला सांगत नाहीये, उमाकांत. तुला सांगतेय."

"आणि असते तर मला चावले नसते?" त्यानं सदरा वर केला. पाठ गुळगुळीत, एक डागसुद्धा नाही. "मीही त्याच पलंगावर झोपतो ना? ते काय माणसं निवडून चावतात? आईलाही काही नाही. फक्त तुला आणि केतकीला. म्हणजे जे आहे ते तुमच्या दोघींत आहे."

काहींच्या कातडीवर ढेकणाचा डाग उठतच नाही, हे मला पुढं कधीतरी कळलं.  त्यानं खिडकी उघडली, जेवला आणि टेम्पोवर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उपळाईचे ढगे म्हणून कुणी मुलीच्या लग्नाची बिछायत ठरवायला आले. आत्या खाली त्यांच्याशी बोलत बसल्या. प्रमिलाताई मोगरा आणायला बाहेर पडल्या. केतकी झोळीत होती. मी खोलीचं दार लावलं, खिडकी पूर्ण उघडली आणि चादर खेचून काढली.

चादरीच्या कोपऱ्यावर बारीक काळे ठिपके होते, शाईचं पेन झटकल्यासारखे. ओल्या बोटानं पुसले तर तांबूस पसरले. मोठ्या गादीची कड उचलली. पलंगाच्या फळ्यांच्या सांध्यात तसेच ठिपके, जास्त दाट. एक कुबट, गोडसर वास, कोथिंबिरीची जुडी पिशवीत विसरावी तसा. सांध्यात काही हललं असं वाटलं, पण दिसेपर्यंत गेलं. मग मी केतकीची छोटी गादी उचलली.

ही गादी साधी नव्हती. या घरची रीत होती. घरात मूल जन्मलं की त्याची पहिली गादी बाहेरच्या कापसाची करायची नाही. त्या सालात जे लग्न सगळ्यांत थाटाचं आणि निर्विघ्न झालं, त्या लग्नात नवरदेव ज्या गादीवर बसला तिचा कापूस काढायचा, आणि तिचीच खोळ आखूड करून त्यात भरायचा. खोळ धुवायची नाही, धुतली की शकुन जातो. बारशाला कराडला येताना आत्या ती गादी स्वतः मांडीवर घेऊन आल्या होत्या. त्यांच्या हातचे बारीक टाके, कडेला लाल गोट. "असल्या गादीवर राजाची पोर झोपत नाही," त्या माझ्या आईला म्हणाल्या होत्या, आणि आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बार्शीला येईपर्यंत मी ती घडी करून ठेवून दिली होती, माहेरच्या गोधड्या होत्या म्हणून.

आमच्या घरात लग्नपत्रिकांना तोटा नव्हता. एक जाड पत्रिका घेतली आणि तिची धार लाल गोटाच्या घडीत घालून हळूहळू ओढत नेली. खाली स्टीलचं ताट धरलं होतं.

आधी पांढरे कण पडले, खसखशीसारखे. मग टरफलं. मग एक जिवंत. मग एकदम चार-पाच. चपटे, मसुरीच्या दाण्याच्या रंगाचे. उजेडात आल्याबरोबर ताटाच्या कडेला पळायला लागले.  या गोटावर माझ्या मुलीचा गाल टेकलेला असायचा.

"आत्यांनी हातानं शिवलेली गादी उसवतेस?"

प्रमिलाताई दारात होत्या. दाराची कडी सैल होती, जरा ढकललं की निघायची. त्यांच्या हातात पुडा.

"उसवत नाही," मी म्हणाले. "ताटात बघा."

"सोड ती गादी. वर कर हात."

"आधी बघा. मग हवं ते बांधा."

त्या पुढं आल्या. ताटात बघितलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. "हे मला नवे नाहीत. खाली असतात. वर नसतात."

"हे वरचेच आहेत. केतकीच्या उशाशी होते. गोटात."

त्यांनी एकाला ताटाच्या कडेवर गाठलं आणि अंगठ्याच्या नखानं दाबला. टपकन फुटला. नखावर तांबडं आलं. त्या नखाकडं बघत राहिल्या.

"हे कुणाचं?"

"केतकीचं. नाहीतर माझं."

"ओळीनं चावतात?"

"एक चावतो, थोडा पुढं सरकतो, परत चावतो. म्हणून ओळ दिसते. कपड्याखाली शक्यतो जात नाही. उघडं असेल तिथं."

"मानेवर."

"मानेवर, गालावर, हातांवर."

त्यांनी नख पदराला पुसलं. पुसून झालं तरी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "दूध तोडलं की थांबतात?"

"ताई, ढेकणांना दुधाशी काय करायचंय?"

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. त्याच पलंगाच्या. 

"माझं तोडलं तरी त्याला उठत होते," त्या म्हणाल्या. "बाटली लागली होती. माझं पूर्ण आटलं होतं. तरी सकाळी मानेवर ओळ. आत्या म्हणाल्या, आधीचं अंगात आहे ते बाहेर पडतंय, पडू दे. मग पावसाळा लागला. नळाला गढूळ पाणी. त्याला जुलाब सुरू झाले. मी म्हटलं, आत्या, मी परत पाजते, घेईल तो. पण काय पाजणार? काही उरलंच नव्हतं."

खिडकीतून रस्त्यावरच्या कुल्फीवाल्याच्या घंटेचा आवाज आला आणि गेला.

"मला वाटायचं, मी थोडं आधी तोडायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तुझ्यामागं लागले होते. तुझी तरी वेळेत सुटावी."

मी ताट हातात धरून उभी होते. 

"त्याचीही अशीच गादी होती?" मी विचारलं.

"लाल गोटाची," त्या म्हणाल्या, आणि उठल्या. माझ्या हातातून ताट घेतलं आणि जिन्याकडं निघाल्या.

मी झोळीतून केतकीला उचललं आणि मागं धावले.

खाली ढगे, त्यांची बायको आणि एक म्हातारी बाई पांढऱ्या चादरीच्या बैठकीवर बसली होती. समोर चहाचे कप. आमच्या आत्या वहीत लिहून घेत होत्या. प्रमिलाताईंनी ताट गल्ल्यावर ठेवलं.

आत्यांनी एकदाच बघितलं आणि वही त्यावर उपडी घातली. "वर जा, प्रमिला. गिऱ्हाईक बसलंय."

"नंदूच्या गादीत हे होते का?"

"वर जा म्हणते ना मी."

"होते का, आत्या?"

ढग्यांनी कप खाली ठेवला. "काय झालं वो?"

"काही नाही, घरातलं आहे," आत्या हसून म्हणाल्या, आणि तेच हसू तोंडावर ठेवून आमच्याकडं वळल्या. "हिनं भरवलं का तुझ्या डोक्यात? चार बुकं शिकली आणि घरात विष कालवायला आली. तरी मी उमाकांतला म्हणत होते, घरचं बघून करू, शिकलेली नको."

"मी तिचं विचारत नाही," प्रमिलाताई म्हणाल्या. "माझं विचारतेय."

"मग ऐक. कुठल्या घरात नसतात? माझी चार लेकरं त्याच्यात वाढली. चौघांना चावले, चारी धडधाकट. ढेकणानं कोण मरतंय?"

 शब्द त्यांच्याच तोंडून निघाला होता. त्यांच्याही ते लक्षात आलं, कारण हात आपोआप तोंडाकडं गेला.

म्हाताऱ्या बाई आपल्या मांडीखालची चादर उचलून बघायला लागल्या.

"ढेकणानं नाही मेला तो," प्रमिलाताई म्हणाल्या. "बाटलीनं मेला."

"हळू बोल."

"तुम्हाला दिसले होते का त्या वेळी?"

"दिसले तेव्हा रॉकेल मारलं मी. स्वतःच्या हातानं. पलंग उन्हात घातला. मला काय हौस होती?"

"कधी दिसले? त्याचं दूध तोडायच्या आधी का नंतर?"

 आत्या उपड्या वहीवर तळहात दाबून उभ्या होत्या, खालून काही निसटून जाईल तसा.

"आधी का नंतर, आत्या?"

"बया, उठ गं," म्हाताऱ्या बाई ढग्यांच्या बायकोला म्हणाल्या. "आपुन दुसरीकडं बघू. लगीन हाय पोरीचं, नवरीला खाजवत बसवायची का काय?"

"अहो मावशी, बसा, घरातल्या बायकांची भांडणं..." आत्या पायरीपर्यंत त्यांच्या मागं गेल्या. रस्त्यावर उभ्या राहून बोलत राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी प्रमिलाताईंकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं.

"झालं समाधान?" त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत बार्शीभर होईल. माझ्या नवऱ्यानं उभा केलेला धंदा तू एका दुपारी पाडलास."

"मी एक शब्द बोलले नाही, आत्या."

"तुझ्यासारख्या बोलत नाहीत. बोलायला लावतात."

ते त्यांनी मरेपर्यंत धरून ठेवलं. त्या वैशाखात बऱ्याच गाद्या गोदामात पडून राहिल्या, आणि दिवाळीच्या आधी मी आणि उमाकांत केतकीला घेऊन सोलापूरला वेगळे राहायला गेलो. त्यानंतर आत्या एकदाही आमच्याकडं आल्या नाहीत. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी आम्ही दोघी वर गेलो.  पलंगाचे पाय आणि पाट्या वेगळ्या केल्या आणि गच्चीवर नेल्या. बार्शीच्या वैशाखात गच्चीच्या फरशीवर पाय ठेववत नाही, आम्ही ओलं पोतं टाकून त्यावर उभ्या राहिलो. बंबात पाणी उकळलं. प्रमिलाताई पातेली उचलून आणायच्या आणि फळ्यांच्या प्रत्येक सांध्यात, प्रत्येक खिळ्याच्या भोकात उकळतं पाणी ओतायच्या. ओतलं की सांध्यातून ते बाहेर यायचे, तरंगत. ज्या फटीत पाणी पोचत नव्हतं तिथं मी कोंबडीच्या पिसानं रॉकेल भरत होते. चादरी, खोळी, झबली, माझ्या साड्या, सगळं बंबाच्या उकळत्या पाण्यातून काढलं. मोठी गादी उन्हात उलटी टाकली, शिवणी वर करून, आणि काठीनं झोडली.

छोटी गादी उरली.

"ही उकळून भागणार नाही," मी म्हणाले. "आतपर्यंत असतील."

"जाळायची."

"आत्या म्हणतील, नवरदेवाची आहे. अशुभ होतं."

"होऊ दे," प्रमिलाताई म्हणाल्या.

त्यांनी विळीवर लाल गोट चरकन कापला. घमेल्यात कापूस टाकला, खोळ टाकली, माझ्या हातातलं रॉकेल ओतलं आणि काडी लावली. कापूस एकदा भडकला, मग बराच वेळ धुमसत राहिला. काळा धूर सरळ वर जात होता. शेजारच्या गच्चीवर कुरडया वाळवणाऱ्या बायका उठून कठड्याशी आल्या. कुणीतरी विचारलं, "काय जाळताय गं?" प्रमिलाताईंनी तोंड वर करून सांगितलं, "ढेकूण."

झोळी आम्ही जिन्याच्या वरच्या कोपऱ्यात, सावलीला बांधली होती. केतकी उठली. आधी कुरकुरली, मग रडायला लागली, भुकेचं रडणं, आखडून. त्या आवाजानं माझ्या छातीत कळ आली आणि चोळी ओली झाली. किती दिवसांनी. मी धावले आणि झोळीपाशी जाऊन थांबले. दोन्ही हात कोपरापर्यंत रॉकेलनं माखलेले. नखांतून काळं. साबणानंही तो वास पहिल्या धुण्यात जात नाही.

"ताई," मी म्हणाले. "हिला घ्याल?"

त्या घमेल्यापाशी होत्या. जागच्या हलल्या नाहीत.

"मी?"

"माझे हात बघा."

त्या तिथंच उभ्या राहिल्या. त्यांनी या घरात कुणाचंही तान्हं मूल उचललेलं मी पाहिलं नव्हतं. केतकीचं बारसं झालं त्या दिवशी त्या आमच्या कराडच्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नव्हत्या, असं नंतर आईनं सांगितलं. केतकीचं रडणं चढत गेलं. मग प्रमिलाताई नळाकडं गेल्या. साबण घासून हात धुतले. वास घेतला. परत धुतले. झोळीत वाकल्या आणि तिला उचलली, मानेखाली एक हात, ढुंगणाखाली एक, जसं काल-परवाच करत असाव्यात तसं.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. हात दोन्ही बाजूंना लांब धरून, पंख ओले झाल्यासारखी. त्यांनी माझ्या चोळीचे हूक काढले. सकाळच्या मोगऱ्याच्या कळ्या तिथंच होत्या, पिवळ्या पडलेल्या, चिकटलेल्या. त्यांनी त्या खरडून काढल्या आणि पदराच्या टोकानं मला पुसलं, कुणी भांडं पुसावं तसं, घट्ट आणि नीट. मग केतकीला माझ्याजवळ आणली.

ती तोंड लावत होती आणि सोडत होती. मान इकडून तिकडं. रडत होती.

"घेत नाही," मी म्हणाले. "आटलं असेल ताई."

"गप्प बस. तिची मान वाकडी होतीय." त्यांनी केतकीचं डोकं तळहातावर घेतलं, हनुवटी खालून दाबली, आणि थोडी वर सरकवली. "घे गं. घे, माझे बाई."

केतकी लागली. ओढलं. थांबली. पुन्हा ओढलं, जोरानं. आणि मग तो आवाज आला, घशात घोट उतरल्याचा. एक, आणि त्याच्यामागं दुसरा. प्रमिलाताईंनी श्वास रोखून धरला होता. त्यांचा चेहरा माझ्या इतका जवळ होता की कपाळावरचा घाम आणि त्याला चिकटलेली राख दिसत होती.

जिन्याच्या खालच्या वळणावर आत्या येऊन उभ्या होत्या. हातात भरलेली बाटली. 

"रॉकेलच्या हातानं पाजतेय लेकराला," त्या म्हणाल्या. "शिकलेली आहे ना."

प्रमिलाताईंनी मान वळवली नाही. केतकीच्या डोक्याखालचा तळहात तसाच होता.

"हात माझे आहेत, आत्या," त्या म्हणाल्या. "धुतलेत मी."